न्हाव्याचा दगड

न्हाव्याच्या दगडाबद्दलची मला माहीत असलेली सगळ्यात जुनी लेखी नोंद थुंकीची आहे. प्लिनी हा रोमन लेखक इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याआधी त्याने जगात जे जे काही आहे त्याची जंत्री करायचा घाट घातला होता. तिच्या छत्तिसाव्या भागात दगड येतात आणि त्यात धार लावायच्या दगडांची वर्गवारी येते. काही तेलावर चालतात, काही पाण्यावर. तेलावरच्यांत क्रीट बेटाचा पहिला, पाण्यावरच्यांत नॅक्सॉसचा. आणि आणखी एक प्रकार माणसाच्या थुंकीवर चालणारा. तो न्हाव्यांच्या दुकानांतला, आणि त्यात स्पेनमधला उत्तम.

मला ही वर्गवारी फार आवडते. मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे कुठल्याही यादीत ‘हे कशावरून लावलंय?’ हा प्रश्न आधी पडतो. प्लिनीने रंगावरून लावलं नाही, किमतीवरूनही नाही. दगडावर काय घालता, यावरून लावलं. म्हणजे त्याने किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्याने कामाला बसलेला माणूस पाहिला होता.

आज वस्तऱ्याचे जुने दगड ओळखायचा जो उद्योग जगभर हौशी लोक करतात, त्यात नेमका हा माणूस सापडत नाही. त्यात मीही आहे, गेली चार वर्षं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घडीचा पोलादी वस्तरा दोन गोष्टींवर जगतो. रोजच्या रोज चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्याने भागेनासं झालं की दगड. जुन्या मराठीत या दगडाला निसणा म्हणत. त्यावर वस्तरा पाजवायचा. विळ्या-कोयत्याच्या दगडासारखा हा खरखरीत नसतो. बोट फिरवलं तर साबणाच्या वडीसारखा लागतो. असे दगड निसर्गात फार थोड्या जागी होतात. म्हणून त्यांचा व्यापार झाला, म्हणून त्यांना नावं पडली, आणि म्हणून आज एखादा बिनलेबलाचा दगड हातात आला की ‘हा कुठला?’ हे कोडं सुटता सुटत नाही.

त्यातला सगळ्यात देखणा दगड बेल्जियमचा. आर्देन डोंगराळ मुलखात साल्म नावाची छोटी नदी आहे. तिच्या आसपास व्हील्साल्म, साल्मशातो, लिएर्नो ही गावं. इथल्या निळ्या-जांभळ्या पाटीच्या दगडात साय धरावी तसे फिकट पिवळे थर आहेत. काही थर बोटाइतके जाड, काही नखाइतके. या पिवळ्या दगडाचं नाव कोटिक्यूल. लॅटिनमध्ये ‘कोस’ म्हणजे धारेचा दगड, त्याचं लाडकं, लहान रूप ‘कोटिक्युला’. पुढे भूशास्त्रज्ञांनी हेच नाव उचललं आणि आता जगात कुठेही असा खडक सापडला की त्याला कोटिक्यूल म्हणतात. न्हाव्याच्या पेटीतला शब्द विद्यापीठात जाऊन बसल्याचं मला दुसरं चटकन आठवणारं उदाहरण नोव्हाक्युलाइटचं: क्रीटच्या आणि अमेरिकेतल्या आर्कान्सॉच्या तेलावर चालणाऱ्या दगडांचं हे नाव. ‘नोव्हाक्युला’ म्हणजे वस्तरा.

कोटिक्यूलची करामत गार्नेटची आहे. गार्नेट म्हणजे आपला तामडा, अंगठीत बसवतात तो. इथला तामडा मँगनीजवाला, आणि कण इतके बारीक की साधारण पाच ते पंधरा मायक्रॉन. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. दगडाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच हे कण असतात आणि बाकी बहुतेक अभ्रकासारखं मऊ द्रव्य. गार्नेटचा स्फटिक बारा पैलूंचा असतो आणि त्याचे कोपरे बोथट, रुंद असतात. तो पोलादात खोल ओरखडा काढत नाही, वरवर खरवडतो. पोलादाहून कठीण असूनही हळुवार. वस्तऱ्याला नेमकं हेच हवं.

हा खडक सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखल म्हणून साठला, मग जमिनीच्या घड्यांत दाबला गेला. घड्या पडल्यामुळे थर आडवे राहिले नाहीत, उभे-तिरके झाले. खाणवाल्यांना त्या पिवळ्या रेषेच्या मागे जमिनीत खोल उतरावं लागे, आणि बाहेर काढलेल्या दगडातला बहुतेक निळा. प्रत्येक शिरेला नाव होतं: ला व्हेनेत, ला द्रेसांत, ला ग्रोस ब्लाँश, लेस लातनेज. जाणकार माणूस तुकडा पाहून शीर सांगत असे. आज ज्याला आपण ‘ओळख’ म्हणतो, ती त्या लोकांना रोजच्या भाकरीची गोष्ट होती.

पिवळा दगड ठिसूळ आणि थर पातळ. मग त्याला पाठीशी निळ्या दगडाची फळी चिकटवून विकायची पद्धत पडली. काही तुकडे मात्र असे निघत की पिवळा आणि निळा जमिनीतच जोडलेले. ओळखायला शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच: जोड माणसाची की निसर्गाची? दगडाची कड ओली करून भिंगाखाली धरायची. चिकटवलेल्यात रेषा सरळ, आणि मध्ये चिकटाचा बारीक काळपट धागा. नैसर्गिक जोडात रेषा किंचित वळते, पिवळा निळ्यात झिरपल्यासारखा दिसतो, धागा नसतो. कधी कधी पिवळ्यात नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी असते, ती मँगनीजची. नवखे तिला जीवाश्म समजतात.

जीवाश्माची खरी गोष्ट दुसऱ्या दगडाची आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमध्ये चार्नवुडचं जंगल आहे. तिथल्या हिरवट दगडाला व्यापारात ‘चार्नली फॉरेस्ट’ म्हणत. न्हावी आणि सुतार दोघंही तो वापरत. १९५७ मध्ये या जंगलातल्या खडकावर रॉजर मेसन या शाळकरी मुलाला पानासारखा ठसा दिसला. त्याच्या आदल्या वर्षी टीना नेगस या मुलीलाही तो दिसला होता, पण तिच्या शिक्षिकेने इतक्या जुन्या खडकात जीवाश्म असतच नाहीत म्हणून विषय संपवला. ठसा खरा होता, पंचावन्न कोटी वर्षांहून जुन्या जिवाचा, आणि त्याला आज ‘चार्निया मेसोनी’ म्हणतात. मेसनचं नाव मिळालं, नेगसचं नाही.

तिसरा मोठा दगड जर्मनीतल्या थुरिंगियाचा. झोनेबर्गच्या ‘जे. जी. एशर उंड झोन’ या व्यापाऱ्याचे दगड आज हौशी मंडळींत सोन्याच्या भावाने जातात. सपाट, गुळगुळीत, निळसर-हिरवा ते पिवळसर-हिरवा रंग, आणि एका टोकाला कागदी लेबलावर रंगाची प्रत छापलेली. जवळच्या श्टाइनाखमध्ये एकोणिसाव्या शतकात पाटीपेन्सिलीचा प्रचंड धंदा होता. तिथल्या पेन्सिली जगभर जात. म्हणजे एकाच डोंगराळ पट्ट्यातला दगड कुठे पोरांना बाराखडी गिरवायला गेला आणि कुठे बापाच्या दाढीच्या वस्तऱ्याला. एशरचं लेबल शाबूत असलेला दगड आणि लेबल गेलेला तसाच दगड यांच्या किमतीत कैक पटींचा फरक पडतो. धार तीच लागते. कागदाला पैसे पडतात. साहजिकच कागद नवीन छापून जुना करायची कलाही आली आहे.

लेबल नसेल तर काय? मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं एकमेव उपयोगी पडलेलं सूत्र कामाला येतं. दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर आता जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. आर्किमिडीज, बाकी काही नाही. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. नोव्हाक्युलाइट जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ असल्यामुळे २.६५ च्या पुढे जात नाही. पाटीच्या कुळातले दगड २.७ ते २.८ मध्ये घुटमळतात. कोटिक्यूलमधल्या गार्नेटची घनता ४ च्या वर, त्यामुळे तो ३ च्या पुढे जातो. पिवळा म्हणून कोणी काहीही गळ्यात मारत असेल तर हा आकडा खोटं बोलत नाही. मात्र पाठीला निळी फळी चिकटवलेली असेल तर सरासरी खाली येते, ते धरून चालायचं. मग दगडावर दगड घासून निघालेल्या लोण्याचा रंग पाहायचा: कोटिक्यूलचं लोणी दुधाळ, निळ्या दगडाचं लालसर-जांभळं.

आता इथवर आलोच आहोत तर हा सगळा व्यापार बसला कसा तेही सांगतो, कारण ती गोष्ट आपल्याकडे येऊन पोचते. १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातला एडवर्ड अ‍ॅचिसन हा संशोधक चिकणमाती आणि कोळशाची पूड विजेने तापवत होता. त्याला निळसर चमकदार कण मिळाले, काचेला ओरखडणारे. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडमचं संयुग आहे, म्हणून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. ते होतं सिलिकॉन कार्बाइड, कोरंडमचा त्यात संबंध नव्हता. १८९३ मध्ये पेटंट मिळालं, १८९५ मध्ये कारखाना नायगाराच्या धबधब्याची वीज घ्यायला तिकडे गेला, आणि हवा तसा, हव्या त्या प्रतीचा, प्रत्येक वेळी सारखाच दगड साच्यातून निघू लागला.

पण ज्या कोरंडमचं नाव त्याने चुकून लावलं, तो शब्द आपला. तमिळमधलं कुरुंदम, संस्कृतातलं कुरुविंद, मराठीतला कुरुंद. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध मांडला, तोवर आपल्याकडचे शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत कालवून त्याची सान करत आणि तिच्यावर तलवारी घासत आले होते. तर कुरुंदाचं नाव इंग्रजीत गेलं, अमेरिकेत भलत्याच वस्तूला चिकटलं, आणि १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली तेव्हा तमिळ शब्द अमेरिकन टोपी घालून तमिळनाडूत परत आला. आपल्या गावोगावच्या न्हाव्यांच्या हातात करडी दुपाखी वडी आली ती याच कुळातली.

नैसर्गिक दगडांना दुसरा धक्का जिलेटचा. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्या कंपनीचे अवघे ५१ रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख घेतले. फेकायच्या पात्याला दगड लागत नाही. बेल्जियमच्या खाणी रडतखडत १९८० च्या आसपासपर्यंत चालल्या आणि थांबल्या. १९९८ मध्ये मॉरिस सेलिस नावाच्या गृहस्थाने लिएर्नोजवळ पुन्हा काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. साल्मशातोला या दगडाचं संग्रहालय आहे.

आपल्याकडे वस्तरा जास्त टिकला. एड्सची भीती पसरल्यावर अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले आणि दगड धोकटीच्या तळाला गेला.

त्या तळातला एक दगड माझ्याकडे आहे, माझ्या आजोबांचा. ते कऱ्हाडजवळच्या एका गावचे न्हावी. मधली सहा-सात वर्षं त्यांनी मुंबईत गिरणगावातल्या एका सलूनमध्ये काढली, बाकी आयुष्य गावकी केली. सुगीला बलुतं घ्यायचं, वर्षभर डोकी करायची. धोकटी मागितली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “त्यातनं बाहेर पडायला आम्हाला तीस वर्षं लागली, आणि तू हौसेनं आत चाललायस.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ओहायोतला निवृत्त दंतवैद्य वस्तरा पाजवतो तेव्हा तो छंद असतो, त्याच्या नातवंडांना कौतुक वाटतं. माझ्या वडिलांनी कारखान्यात लागल्यावर पहिली दहा वर्षं गाव विचारलं तर तालुका सांगितला, कारण गावात ओळख निघाली की धंदा निघे. आणि वस्तऱ्याचा इतिहास लिहायचा तर नुसती पोलादाची जात सांगून भागत नाही. हा वस्तरा विधवांच्या डोक्यावरून फिरलाय. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. आमच्या समाजाच्या इतिहासातलं मला सगळ्यात अभिमानाचं पान ते वाटतं. पण हाच वस्तरा गावकुसाबाहेर जात नव्हता. गावोगावी दलितांची डोकी करायला न्हावी नकार देत, आणि माझे आजोबा त्याला अपवाद नव्हते. वडिलांनी ते मला विचारल्यावर सरळ सांगितलं. धोकटीतल्या दगडाने दोन्ही प्रकारच्या वस्तऱ्यांना सारखीच धार दिली असणार.

दगड हिरवट करडा, तळहाताएवढा. मधोमध घासून घासून द्रोणासारखा खोलगट, आणि खोली उजव्या टोकाला जास्त. बरोबर मध्याजवळ तिरका तुटलेला आणि लाखेने सांधलेला. लाख काळी पडलीय, पण सांधा हलत नाही. शिकलगाराच्या सानेतली तीच लाख. काट्यावर तो २१२ ग्रॅम भरला, पाण्यात ७७. भागाकार २.७५. म्हणजे कोटिक्यूल नाही, नोव्हाक्युलाइट नाही, पाटीच्या कुळातला. सातारा जिल्हा सगळा काळ्या बेसॉल्टचा, त्या कातळात हा दगड होत नाही. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तो मुंबईहून आला. तर मग तो बंदरातून कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या पेटीतून उतरला आणि दोन-तीन हात बदलून परळच्या सलूनपर्यंत गेला, इतकं ठरतं. लेबल असलंच तर ते पाण्यात कधीच विरलं.

आता दुरुस्तीचा प्रश्न. जुन्या दगडाची दुरुस्ती म्हणजे काय, याचं हौशी जगातलं उत्तर ठरलेलं आहे. आधी साबणाच्या पाण्यात भिजवून जुनं तेल आणि लोखंडाचा काळा कीस काढायचा. उकळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, पाटीच्या कुळातले दगड थरांत सुटतात. भेग असेल तर पातळ चिकट आत मुरवायचा, बाजूंना रोगणाचा हात द्यायचा म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडचा ओला कागद घेऊन दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचा. रेघा सगळीकडून एकदम गेल्या की दगड सपाट झाला. शेवटी कडा किंचित मारायच्या, नाहीतर वस्तऱ्याला दात पडतात. आजवर एकवीस दगड मी असे सपाट केलेत. बेल्जियमच्या एका तुकड्याची पाठ सुटली होती ती नव्या फळीवर बसवली, आणि आज तो माझ्या रोजच्या वापरात आहे.

पण जितके दगड दुरुस्त केले तितका माझा एक संशय पक्का होत गेला: सपाट करताना आपण ओळखच घासून टाकतो. कडेवरचे शाईचे शिक्के, लेबलाच्या चिकटाचा डाग, कुठल्या चिकटाने पाठ बसवली ते, द्रोण कुठे पडला, माणूस उजखुरा की डावखुरा, तो वस्तरा तिरका ओढायचा की सरळ. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असतं, आणि नेमका तोच अर्धा मिलिमीटर गटारात जातो. मग आपण भिंग घेऊन बसतो आणि विचारतो, हा दगड कुठला? भूशास्त्र खाण सांगतं, फार तर शीर सांगतं. दगड कोणी, कसा, कशासाठी वापरला हे सांगणारा पुरावा झिजेत असतो. पुराणवस्तूंच्या खात्यात कोणी नाण्यावरची छाप घासून चकाकवलं तर त्याला नोकरीवरून काढतील. आमच्यात त्याच कामाचे आधीचे-नंतरचे फोटो टाकून वाहवा मिळते.

म्हणून आता मी कुठलाही दगड हातात आला की आधी सहा बाजूंनी फोटो काढतो, खोलीची मोजमापं घेतो, घनता लिहितो, आणि मग घासायचा की नाही ते ठरवतो. लेबलवाले एशर घासायला कोणी धजत नाही, त्यांना कागदाचं संरक्षण आहे. ज्यांना लेबल नाही, त्यांच्यासाठी निदान नोंद तरी. आणि ही नोंद ठेवायला आपल्याकडे घाई आहे, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या धोकट्या माळ्यावरून सरळ भंगारात चालल्यात. पोलाद किलोवर जातं आणि दगड उकिरड्यावर, त्याला भंगारवालाही घेत नाही. गेल्या वर्षभरात नातेवाइकांच्या ओळखीने सात दगड पाहिले. चार कार्बोरंडमच्या वड्या, दोन पाटीच्या कुळातले, एक खापरासारखा भाजलेला, कदाचित घरीच केलेला. दोघांनी दगड दाखवला पण घराण्याचं नाव लिहू दिलं नाही. मी लिहिलं नाही.

आजोबांचा दगड मी सपाट केलेला नाही. लाखेचा सांधाही सोडवला नाही. आधुनिक चिकट जास्त मजबूत बसेल हे खरं आहे, पण तो सांधा ही या दगडाची पहिली दुरुस्ती आहे आणि ती अजून चालू आहे. फक्त साबणाच्या पाण्याने धुतला. पाणी काळं झालं, मग करडं, मग स्वच्छ. वडील मोरीच्या दारात उभे होते. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पाण्यावर नाही चालत तो. थुंकी लागते त्याला.”